टेम्पोखाली बसलेली जखमी कुत्री जवळ कशी येईल?

प्रश्न असा आहे: सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत बरेच दिवस एक टेम्पो उभा आहे. त्याच्याखाली तीन दिवसांपासून एक भटकी कुत्री बसून आहे. मागचा डावा पाय ती टेकवत नाही. मांडीवर जखम आहे, जखमेवर माशा बसतात. दहा फुटांवर गेलं की गुरगुरते, अजून पुढे गेलं तर लंगडत भिंतीच्या भगदाडातून पलीकडे जाते. खायला ठेवलं तर माणूस निघून गेल्यावरच खाते. तिचा विश्वास कसा मिळवायचा, आणि त्याला किती दिवस लागतील?

किती दिवस हाताशी आहेत ते जखम ठरवते, म्हणून आधी जखमेकडे बघू. माशा बसताहेत हा या वर्णनातला सगळ्यात काळजीचा भाग आहे. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली की साधारण दिवसभरात अळ्या बाहेर येतात. आपल्याकडे जिवंत मांस खाणाऱ्या माशीच्या अळ्याही आढळतात, त्या आत आत शिरत जातात. वरून रुपयाएवढं दिसणारं भोक दोन-तीन दिवसांत आतून मुठीएवढं पोकळ झालेलं असतं. पावसाळ्यात तर हे फार झपाट्याने होतं. म्हणून आज पहिलं काम जवळ जाण्याचं नाही, लांबून नीट बघण्याचं आहे.

मोबाइलचा कॅमेरा झूम करून अर्धा-एक मिनिट व्हिडिओ काढा आणि घरी मोठा करून बघा. जखमेत पांढरट काहीतरी वळवळतंय का? कुत्री एकाच जागी सारखी चाटते किंवा दचकून मागे वळून बघते का? वाऱ्यावर कुजका, गोडसर वास येतो का? अळ्यांचा वास एकदा ओळखता आला की पुन्हा चुकत नाही. मग पाय बघा. चालताना बोटं जमिनीला निदान शिवतात, की पाय लोंबकळून भलत्याच दिशेला वळतो? लोंबकळत असेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता जास्त. दोन्ही मागचे पाय फरफटत असतील तर कंबर किंवा मणका. छाती किती वेळा वर येते ते 15 सेकंद मोजा आणि चाराने गुणा. स्वस्थ बसलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला 10 ते 30 असतो. उन्हात जीभ काढून धापणं वेगळं, पण सावलीत, तोंड मिटून 40 च्या पुढे जात असेल तर छातीला मार असू शकतो. जांभई देताना हिरड्या दिसल्या तर रंग बघा. गुलाबी ठीक, पांढऱ्याफटक असतील तर आत रक्तस्राव होत असू शकतो. ती लघवी करते की नाही याकडेही लक्ष ठेवा. गाडीच्या धडकेत मूत्राशय फुटू शकतं.

आणि तिचं पोट बघा. सड लोंबलेले, दुधाने भरलेले दिसले तर जवळपास कुठेतरी पिल्लं आहेत. मग भिंतीपलीकडे ती नुसती पळून जात नाही, पिल्लांकडे जाते, आणि गुरगुरण्यामागे दुखण्याइतकीच पिल्लांची राखणही असते. अशा आईला एकटीला उचलून नेलं तर पिल्लं उपाशी मरतात. न्यायचं तर सगळ्यांना बरोबर.

अळ्या, न थांबणारं रक्त, दिसणारं हाड, दोन्ही मागचे पाय निकामी, धाप, पांढऱ्या हिरड्या, दिवसभर लघवी नाही: यातलं एक जरी दिसलं तर विश्वास मिळवत बसायला वेळ नाही. जाळीने धरणारी प्रशिक्षित माणसं बोलावून तिला आजच्या आज दवाखान्यात न्या. भ्यायली तरी चालेल. मोडलेला विश्वास नंतर दुरुस्त करता येतो, सडलेली मांडी येत नाही. पुष्कळ चांगल्या मनाची माणसं इथेच चुकतात. ‘तिला त्रास नको, आपल्या आपण जवळ येऊ दे’ म्हणत आठवडा काढतात आणि ती अगदी गलितगात्र झाल्यावर हात लावू देते. तो विश्वास नसतो, तिच्यात उठायचं त्राण राहिलेलं नसतं. धडकेनंतर लगेच गप्प पडलेल्या, काहीही करू देणाऱ्या कुत्र्याचंही तेच. धक्क्याने तो सुन्न झालेला असतो आणि भान आलं की त्याच क्षणी चावू शकतो.

यातलं काही दिसत नसेल, जखम वरवरची असेल आणि ती खात-पीत असेल, तर दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. रोज एकदा व्हिडिओ काढून कालच्याशी ताडून बघायचा, एवढं मात्र चुकवू नका. माणूस गेल्यावर का होईना ती खाते, हे चांगलं लक्षण आहे. जबडा शाबूत आहे, भूक आहे, आणि जेवण कोण ठेवतं हे तिला कळलेलं आहे.

जवळ जाण्याआधी रेबीजचं बघून घ्या. अचानक बदललेला स्वभाव, घोगरा झालेला आवाज, तोंडातून सतत लाळ, लटकलेला जबडा, गिळता न येणं, तोल जाणं, दगड-लाकूड चावणं, कारण नसताना समोर येईल त्याच्यावर धावून जाणं, असं काही दिसलं तर जवळ जायचं नाही. मुलांना आणि इतर कुत्र्यांना दूर ठेवायचं आणि महापालिकेला किंवा नगरपालिकेला कळवायचं. लटकलेल्या जबड्याबद्दल मुद्दाम सांगतो: ‘घशात हाड अडकलंय बिचाऱ्याच्या’ असं समजून लोक तोंडात हात घालतात. जबडा लुळा पडणं हे रेबीजचं लक्षण असू शकतं आणि विषाणू लाळेतच असतो. ते हाड माणसाने कधीच शोधू नये, डॉक्टरांनी बघावं.

भटक्या कुत्र्यांबरोबर वारंवार काम करणाऱ्याने आधीच लस घेऊन ठेवावी. तीन डोस असतात: 0, 7, आणि 21 किंवा 28 या दिवशी (0 म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण 15 मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. आधी लस घेतलेली नसेल तर कातडीत देतात ती लस 0, 3, 7 आणि 28 या दिवशी असते. रक्त आलं असेल तर त्याशिवाय जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, ते स्वतःहून विचारा. धनुर्वाताचंही इंजेक्शन लागेल का ते विचारा. आधी तीन डोस झालेले असतील तरी चावल्यावर दोन डोस घ्यावेच लागतात, 0 आणि 3 या दिवशी. दात लागला नाही पण ओरखडा उठला, किंवा आपल्या हातावरच्या ताज्या जखमेवर तिने चाटलं, तरी दवाखान्यात जायचं.

आता ओळखीचा माणूस शोधा. भटकी म्हणून जिला आपण ओळखतो ती सहसा कुणाची तरी ओळखीची असतेच. चहाच्या टपरीवाला, रात्रपाळीचा वॉचमन, सकाळी झाडायला येणाऱ्या मावशी, उरलेली पोळी टाकणाऱ्या आजी. दोन गल्ल्या चालून विचारलंत तर ‘अरे, ही तर आमची राणी’ म्हणणारं कुणीतरी निघतं. तुमचे सहा दिवस आणि त्या माणसाची एक हाक सारखीच. त्यांना बोलवा, त्यांच्या हातून खाऊ द्या, तुम्ही चार पावलं मागे बसा. ज्याच्यावर तिचा विश्वास आहे त्याच्याजवळ तुम्ही निवांत बसलेले दिसलात की अर्धं काम होतं.

असं कुणी सापडलं नाही तर तुमच्यापैकी एकच माणूस ठरवा. एकच, आळीपाळीने नाही. वेळा ठरलेल्या: पहाटे साडेपाच-सहाला आणि रात्री साडेदहानंतर, म्हणजे गाड्या, मुलं आणि इतर कुत्री कमी असतात. तीच वाटी, तीच हाक. ‘यू यू’ म्हणा किंवा एखादं नाव ठेवा, पण रोज तेच, हलक्या आवाजात. अत्तर, डिओ, नुकत्याच पुसलेल्या फिनाइलचा वास अंगाला नको. बाकीच्यांनी या काळात तिच्याकडे फिरकायचं नाही, फोटो काढायला नाही की लाड करायलाही नाही. ‘हाड हाड’ करणाऱ्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून घ्या. टेम्पोच्या मालकालाही गाठा आणि काचेवर कागद चिकटवा, ‘खाली कुत्री आहे, बघून सुरू करा.’

खायला काय? बिनहाडाचं चिकन, मिठाशिवाय, कांदा-लसूण न घालता नुसतं उकडलेलं. दोनशे ग्रॅम पुरतं, पण तुकडे वाटाण्याएवढे करा म्हणजे एका बैठकीत चाळीस-पन्नास वेळा देता येईल. तिच्या लेखी मोठ्या घासाची किंमत लहान घासापेक्षा फारशी जास्त नसते, किती वेळा मिळालं ते जास्त महत्त्वाचं. ज्यांना मांस शिजवायचं नाही त्यांनी उकडलेलं अंडं किंवा पनीर घ्यावं. पार्ले-जी जवळपास प्रत्येक कुत्र्याच्या ओळखीचं असतं, पहिल्या दिवशी ओळख म्हणून चालेल, पोट भरायला नको. त्यासाठी दहीभात किंवा अंडं कुस्करलेली पोळी. दुधाने बऱ्याच कुत्र्यांना जुलाब होतात आणि मग जखमेला शेण-मातीबरोबर तीही घाण लागते. शिजवलेली हाडं, मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नको.

बसायचं कुठे? ज्या अंतरावर ती खाणं थांबवून मान वर करते, ती तिची हद्द. त्या हद्दीच्या दोन फूट बाहेर तुमची जागा. दहा फुटांवर गुरगुरत असेल तर बारा-तेरा फुटांवर बसा. भगदाडाच्या आणि तिच्यामध्ये कधीही यायचं नाही. पळायची वाट मोकळी आहे असं दिसलं तरच ती थांबायचा विचार करते. टेम्पोच्या पुढच्या चाकाकडून या आणि मागची बाजू तिला सोडा. सरळ रेषेत चालत जाऊ नका, थोडं वळसा घेऊन या, जणू तुम्हाला दुसरीकडेच जायचंय. पालथ्या बादलीवर किंवा बुटक्या स्टुलावर तिच्याकडे कूस करून बसा. उकिडवं बसलात तर तोल जातो आणि हात अचानक पुढे येतो. मांडी घातली तर तोंड तिच्या दातांच्या पातळीला येतं आणि चटकन उठता येत नाही. नजर तिच्या पंजाकडे किंवा जमिनीकडे.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस खाली वाकला म्हणजे दगड उचलतोय, हात खांद्याच्या वर गेला म्हणजे दगड येतोय, हे त्यांना पिल्लू असल्यापासून ठाऊक असतं. प्रेमाने वाटी ठेवायला तुम्ही वाकता आणि ती पळते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. वाटी ती नसताना आधीच ठेवून द्या. खाऊचे तुकडे बसतानाच मांडीवरच्या डब्यात हवेत. टाकताना कोपर अंगाला चिकटलेलं, हात गुडघ्याच्या उंचीवर, मनगटाच्या हलक्या झटक्याने तुकडा जमिनीवरून घरंगळला पाहिजे.

आणि तुकडा टाकायचा तो तिच्या मागे. हे ऐकायला उलटं वाटतं. बहुतेक जण तिच्यात आणि आपल्यात वाट करत तुकडे टाकतात, प्रत्येक तुकडा जरा जवळ. भुकेपोटी ती हिमतीपेक्षा जास्त पुढे येते, शेवटचा तुकडा तोंडात घेताना वर बघते तर समोर माणूस. त्या क्षणी ती एक तर बिथरून पळते नाहीतर चावते. तुकडा तिच्या मागे दोन फुटांवर पडला की तो घ्यायला ती तुमच्यापासून लांब जाते, मोकळा श्वास घेते, खाते आणि आपल्या मनाने वळून परत येते. वळून येणं हे तिचं स्वतःचं असतं. प्रत्येक वेळी ती कुठे थांबते ते बघत जा. दहा-बारा फेऱ्यांनंतर ती बहुधा पहिल्यापेक्षा वीतभर पुढे थांबलेली असेल. पाय दुखत असल्यामुळे तिला फार चालवायचं मात्र नाही. टेम्पोखालीच, तिच्या शेपटीच्या जरासं पलीकडे, एवढं पुरे. पायावर अजिबात भार जात नसेल तर सगळे तुकडे तिच्या अगदी तोंडाशी पोचवा आणि फेऱ्या करून घेऊच नका.

एक बैठक दहा मिनिटांची. ती कंटाळून जायच्या आधी तुम्ही उठा, पाठ फिरवा आणि जा. जाताना पाण्याचं भांडं भरलेलं आणि कोरडं गोणपाट ठेवलेलं असावं. गोणपाटात तुमचा दिवसभर घातलेला जुना टीशर्ट गुंडाळून ठेवा, म्हणजे झोपेतही तुमचा वास तिच्या नाकाशी राहतो. गोणपाट रोज बदला, ओलं झालं की जखम चिघळते.

तिचं काय चाललंय हे तिच्या तोंडाकडे बघून कळतं. खाणं नसताना जीभ नाकावरून फिरते, झोप आलेली नसताना जांभई येते, मान बाजूला वळते पण डोळा तुमच्यावर राहतो आणि त्याच्या कडेला पांढरं चंद्रकोरीसारखं दिसतं: हे सगळं अवघडलेपण. अशा वेळी दोन फूट मागे सरका, काही बोलू नका. गुरगुरली तर रागवू नका, दटावू नका. गुरगुर ही तिची सूचना आहे आणि ती ऐकली जाते हे तिला कळलं पाहिजे. गुरगुरण्यावर ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता चावतं. खरा धोका गुरगुर थांबण्यात आहे: अंग ताठ, तोंड मिटलेलं, शेपटी स्थिर, श्वास रोखलेला. हे दिसलं तर जागेवर थांबा, नजर खाली, आणि हळूहळू मागे. याउलट कान सैल पडले, डोळ्यांची उघडझाप मंदावली, तुम्ही बसलेले असताना ती कुशीवर आडवी झाली किंवा पाठ करून जमीन हुंगायला लागली, तर गाडी रुळावर आहे.

माणसांच्या हातचं खाल्लेली, पण पाय दुखल्यामुळे घाबरलेली कुत्री साधारण तीन ते सात दिवसांत हातभर अंतरावर येते. जिला कुणी कधी माया केलेलीच नाही तिला कित्येक आठवडे लागतात, आणि तितके तिच्या पायाकडे नसतात. चौथ्या दिवशीही ती हद्दीवरून हलली नसेल तर थांबा आणि धरणाऱ्यांना बोलवा.

हात लावायची घाई नको. ती स्वतः येऊन गुडघा, चप्पल हुंगेल. हुंगू दे. हात तिच्या नाकापुढे नेऊ नका, गुडघ्याजवळ सैल सोडून ठेवा. तिने हाताला नाक लावलं, तोंड वळवलं नाही, तर दुसऱ्या खेपेला चांगल्या बाजूने हनुवटीखाली किंवा छातीला दोन बोटांनी खाजवा. तीन सेकंद, आणि हात काढून घ्या. ती तशीच उभी राहिली किंवा अंग टेकवलं तर पुन्हा तीन सेकंद. डोक्यावरून हात फिरवणं ही माणसाची हौस आहे. वरून येणारा हात तिला मारायला येणाऱ्या हातासारखाच दिसतो. जखमेच्या बाजूला तर तिने कितीही लाडीगोडी केली तरी हात नाही.

औषधांच्या बाबतीत कळकळीने सांगतो. माणसांची वेदनाशामकं देऊ नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान, ॲस्पिरिन, काहीच नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पॅरासिटामॉलने यकृताला आणि रक्ताला इजा होते. ‘अर्धीच गोळी दिली’ हे स्पष्टीकरण पंधरा किलोच्या जनावराला लागू पडत नाही. पशुवैद्यांना व्हिडिओ दाखवा आणि त्यांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलंच द्या. गोळी चिकनमध्ये द्यायची तर तीन गोळे करा: पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, आणि दुसरा तोंडात असतानाच तिसरा नाकासमोर दिसला पाहिजे. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. एकदा का कडू लागलं की तुमच्या हातच्या चिकनवरचाही तिचा भरवसा उडतो, म्हणून हे आधी दोन दिवस रिकाम्या गोळ्यांवर करून बघा. झोपेचं औषध खाण्यातून देऊन उचलायची कल्पना धोक्याची आहे. अर्धवट गुंगीतली कुत्री भगदाडातून रस्त्यावर किंवा गटारात जाते. काही औषधांनी अंग ढिलं पडतं पण भीती तशीच राहते. भुलीचं काम डॉक्टर हजर असतील तेव्हाच.

जखमेवर रॉकेल, फिनाइल, पेट्रोल, टर्पेंटाइन ओतायचं नाही. अळ्या मरतील न मरतील, मांस नक्की भाजतं आणि ज्याने ते ओतलं त्याला ती पुन्हा जवळ करत नाही. हात लावू देणारी असेल आणि दवाखान्याला काही तास असतील, तर जखमेच्या कडेने हिमॅक्ससारखं मलम लावलं म्हणजे नव्या माशा बसत नाहीत. टॉपिक्युअरसारखा जखमेवरचा फवारा वापरणार असाल तर त्याच्या फुस्स आवाजाला कुत्री दचकतात. आधी लांबून, दुसऱ्याच दिशेला फवारून प्रत्येक आवाजामागे एक तुकडा द्या. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. भिजली तर त्यावरच दुसरी घडी.

धरायची वेळ. ज्याच्या हातून ती खाते त्याने जाळी टाकायची नाही. हा नियम मोडू नका. तो माणूस समोर बसून खाऊ देईल, धरणारे दुसरे असतील. उपचारानंतर तिला परत याच गल्लीत राहायचं आहे आणि पट्टी बदलायला कुणीतरी तिचा हवा.

हातभर आलेल्या कुत्रीला बऱ्याचदा जाळी लागतही नाही. करंगळीएवढी जाड, सहा फूट लांब सुती दोरी घ्या, एका टोकाला सरकफास करा. तो गळ्याला काचू नये म्हणून दोरीवर अशा जागी अडगाठ मारा की फास दोन बोटं सैल राहील. ही दोरी पहिल्या दिवसापासून वाटीभोवती नुसती पडलेली असू दे. तिला वासाची आणि दिसण्याची सवय होते. मग वाटी फासाच्या आत ठेवायची, म्हणजे खायला मान घातली की मान फासातच. दोन दिवस फास न ओढता तसंच खाऊ द्या. तिसऱ्या दिवशी ती खात असताना दोरी सावकाश वर येऊ द्या, हिसका नको. तेवढ्यात दुसऱ्याने पाठीवरून जाडसर चादर टाकून डोळे झाकायचे. अंधार झाला की पुष्कळ कुत्री निपचित होतात. आदल्या रात्री उशिरा काही देऊ नका आणि धरताना थोडंसंच द्या. भूक असली तर ती येईल, आणि भूल द्यायची झाली तर पोट रिकामं लागतं. शेवटचं किती वाजता खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

तोंड बांधायला दोन इंची बँडेजची सव्वा मीटर पट्टी हवी, ओढणीही चालते. मध्यावर सैल सरकगाठ. समोरून नाही, कानामागून हात पुढे आणून ती नाक आणि डोळे यांच्यामधल्या भागावर सरकवायची आणि ओढायची. दोन्ही टोकं हनुवटीखाली नेऊन एक वेढा, तिथून कानांमागे, आणि तिथे सुरगाठ. निरगाठ नको. उलटी आली किंवा श्वास कोंडला तर एका झटक्यात सुटली पाहिजे. धाप असेल, उलट्या होत असतील, जबड्याला किंवा डोक्याला मार असेल तर बांधायचंच नाही, मानेभोवती जाड टॉवेलची गुंडाळी करून मान वळू द्यायची नाही. तोंड बांधलेल्या कुत्र्याला जीभ काढून धापता येत नाही, म्हणून कडक उन्हात दहा मिनिटांच्या पुढे ठेवू नका.

उचलताना चांगली बाजू आपल्या अंगाला. एक हात छातीपुढून, दुसरा मांड्यांमागून, दुखरा पाय बाहेरच्या बाजूला मोकळा लोंबता. मोडलेल्या पायाला घरगुती कामट्या बांधू नका, मांडीच्या हाडाला त्या बसत नाहीत आणि टोकं आत रुततात. कंबरेची शंका असेल तर प्लायवूडच्या फळीवर सरकवून न्या, फळी नसेल तर चादर चौघांनी ताणून. रिक्षातून नेताना दोन माणसं लागतात. उघड्या बाजूने उडी मारणाऱ्या कुत्र्यांची संख्या कमी नाही. दोरी मनगटाला गुंडाळून धरा, रिक्षाच्या दांडीला बांधू नका.

कुठे न्यायचं हे आधी ठरवून ठेवा, धरल्यावर नाही. मुंबईत परळचं जनावरांचं रुग्णालय, लोकांच्या तोंडी बैलघोडा, 1883 पासून चालू आहे. तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचा दवाखाना असतो, पण त्याच्या वेळा आणि तिथे हाड बसवायची सोय आहे का ते फोन करून विचारा. 1962 हा फिरत्या पशुचिकित्सा पथकांचा क्रमांक आहे. ती मुख्यतः गुराढोरांसाठी आहेत, तरी खेड्यात दुसरं कुणी नसेल तर लावून बघा. कुणी मुद्दाम मारून जखमी केल्याचं दिसलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पोलिसांत तक्रार होते. त्या वेळी तुमचा पहिल्या दिवशीचा व्हिडिओ कामाला येतो.

दवाखान्यातल्या पिंजऱ्यात तुमची ओळख अर्धी पुसली जाते. सगळे वास नवे, शेजारी भुंकणारी कुत्री, सुया. भेटायला जाताना तीच वाटी, तीच हाक, पिंजऱ्याकडे कूस. पिंजऱ्याच्या तीन बाजू चादरीने झाकायला सांगा. नसबंदी झालेली नसेल, म्हणजे कानाला खाच दिसत नसेल, तर जखम भरल्यावर ती आणि रेबीजची लस दोन्ही करून घ्यावं का ते डॉक्टरांना विचारा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. मोडलेलं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढे दिवस तिला बंदिस्त, कोरडी जागा हवी. पार्किंगचा एक कोपरा, जाळीचं दार आणि सोसायटीची लेखी संमती, या तिन्हींचं बोलणं ती दवाखान्यात असतानाच उरका.

बरी झाली की तिला नेलं तिथेच सोडायचं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदीनंतर कुत्रं त्याच्याच इलाख्यात परत सोडायचं असं आहे. दुसऱ्या गल्लीत सोडलेली लंगडी कुत्री तिथल्या टोळीच्या तावडीत सापडते. खाऊ घालायची जागाही त्याच नियमांना धरून सोसायटीशी बोलून ठरवा: जिन्यापासून, इमारतीच्या दारापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब, वेळ मुलं-म्हातारी कमी असतील तेव्हाची.

सोडल्यावर चार-आठ दिवस ती तुम्हाला टाळेल. मनाला लावून घेऊ नका. पुन्हा बारा फुटांवर बादली पालथी घाला आणि पहिल्या दिवसासारखंच तिच्या मागे तुकडा टाका. या वेळी अंतर फार लवकर तुटतं. दोरीच्या फासात ठेवलेली वाटी मात्र आठवड्यातून एकदा कायम चालू ठेवा, फास न ओढता. वर्षभराने तिला रेबीजच्या लसीचा पुढचा डोस द्यायचा असेल, तेव्हा जाळीवाल्यांना बोलवावं लागणार नाही.